पिशवी पिळली तरी आकडा १.०३६च: माल्टाचा गोडवा जातो कुठं?

भाच्याचा मेलबर्नहून फोन येतो तो बहुधा रविवारी, आम्ही जेवणं उरकून जरा आडवं व्हायच्या वेळेला. तो तिकडं घरीच बिअर करतो. गेलं वर्षभर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मामा, परत १.०३६."

तीन किलो माल्ट (मोड आणून वाळवलेला जव), वीस लिटर पाणी, एक पातेलं, एक कापडी पिशवी. हिशोबानं उकळी संपल्यावर त्याच्या हाती साधारण सोळा लिटर वर्ट, म्हणजे माल्टाचा गोड काढा, यायला हवा आणि हायड्रोमीटरनं (द्रवात तरंगवून त्याची घनता मोजायची काचेची नळी; साध्या पाण्यात १.०००, साखर वाढली की आकडा वाढतो) १.०४६च्या आसपास दाखवायला हवं. सोळा लिटर येतात म्हणतो, आकडा येत नाही. त्यानं पिशवी बदलली, जास्त पिळून पाहिलं, तासाऐवजी दीड तास भिजवलं. एकदा तर अर्धा किलो साखर ओतून आकडा पुरा केला आणि मला सांगायला लाजला. असा घोळ पिशवीत बिअर करायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाचा होतो.

पद्धत माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या घरी बिअर करणाऱ्यांनी ही रीत रूढ केली. तीन भांडी, नळ्या, जाळ्या असा पसारा मांडण्याऐवजी सगळं पाणी एकाच पातेल्यात तापवायचं, त्यात पिशवी सोडून भरडलेला माल्ट घालायचा आणि ६५ ते ६८ अंशांवर तासभर ठेवायचा. माल्टातली एन्झाइमं पिठूळ भागाची साखर करतात. मग पिशवी उचलून निथळायची आणि खाली राहिलेला गोड काढा, म्हणजेच वर्ट, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळायचा. पुढं गार करून यीस्ट.

ते "पुढं" माझ्या घरात होत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणं हा १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि "विकत नाही, स्वतःपुरतीच करतो" ही पळवाट नाही. म्हणून छत्रपती संभाजीनगरातले माझे प्रयोग वर्ट उकळून गार केला की संपतात. फ्रीजमध्ये गार करून, लिंबू पिळून त्याच दिवशी पिऊन टाकतो. उन्हाळ्यात तो बाहेर राहिला तर दुसऱ्या दिवशी आपोआप फसफसायला लागतो, आणि मग कायदा राहू द्या, चवच घाण होते. वाळूजच्या एका बिअर कारखान्याच्या लॅबमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा वर्टाचा वास नाकात बसलेला आहे. बाकी भाच्याचा आकडा चुकायला लागल्यावरच हे खूळ निवृत्तीनंतर पुन्हा अंगात आलं.

आधी एकच माप घ्या, पिशवी उचलण्यापूर्वी

सगळे मोजतात ते शेवटी. उकळून, गार करून, आता काही करता येत नाही अशा वेळी. शेवटचा आकडा कमी आला म्हणजे दहातली कुठलीही गोष्ट चुकलेली असू शकते. मी भाच्याला म्हटलं, तासभर झाला की पातेलं तळापासून ढवळ, पिशवी आत असतानाच वाटीभर वर्ट काढ, गार कर आणि मोज.

यामागचा हिशोब सोपा आहे. चांगल्या पेल, म्हणजे फिक्या रंगाच्या माल्टातून वजनाच्या सुमारे ७७ टक्के भाग पाण्यात उतरू शकतो. तीन किलोतून २.३ किलो. वीस लिटर पाण्यात २.३ किलो विरघळलं की एकूण २२.३ किलोत त्याचा वाटा साधारण १०.३ टक्के, म्हणजे १०.३ ब्रिक्स, हायड्रोमीटरवर १.०४१. ही वरची हद्द. ९.६ ते १० ब्रिक्स आलं तर उत्तम. नऊच्या खाली आलं तर साखर मुळात पुरेशी झालेलीच नाही. अशा वेळी पिशवी पिळून काही होत नाही, कारण पिशवीत साखर अडकलेली नसते, न फुटलेले दाणे आणि न बदललेलं पीठ अडकलेलं असतं.

उलट पिशवी उचलण्यापूर्वी ९.७ आणि शेवटी मात्र कमी, असं झालं तर दोष उकळीत, निथळण्यात किंवा लिटर मोजण्यात आहे. एका मापानं निम्मं रान साफ होतं.

ब्रिक्स हा शब्द आपल्याकडे नवा नाही. उसाच्या फडात रसाचा थेंब काचेवर टाकून डोळ्याला लावायचं जे यंत्र असतं, तोच रिफ्रॅक्टोमीटर इथं चालतो. लातूर-धाराशिवकडच्या ऊसवाल्याकडं किंवा जालन्याकडच्या डाळिंब-द्राक्षवाल्याकडं तो हमखास सापडेल. वर्टावर तो किंचित जास्त दाखवतो, चारेक टक्के धरा. यीस्ट घातल्यानंतर मात्र त्याचं सरळ वाचन खरं मानू नका, कारण अल्कोहोलमुळे ते बिघडतं.

भाच्याचं पिशवीआधीचं माप आलं ७.५. म्हणजे १.०३०. इतके दिवस त्यानं पिशवीला उगाच शिव्या घातल्या होत्या.

मेमधला खोटा तोटा

माझाच आकडा एकदा कमी आला तेव्हा मी अर्धा दिवस वाया घालवला. मे महिना, दुपार, बाहेर ४१. वर्ट "गार" झाला म्हणून मी हायड्रोमीटर सोडला, तर १.०३४. सगळी कृती तपासली, चूक सापडेना. संध्याकाळी लक्षात आलं की गार म्हणजे खोलीइतका गार, आणि खोली होती ३८ अंश! हायड्रोमीटर २० अंशांवर बेतलेला. ३८ अंशांना पातळ झालेला द्रव त्यावर जवळपास पाच अंक, म्हणजे ०.००५, कमी दाखवतो. तोच नमुना बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांवर आणला आणि १.०३९ मिळाला. वीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला हे सुचायला संध्याकाळ लागली, तर नवशिक्यानं वाईट वाटून घेऊ नये.

३० अंशांना साधारण अडीच अंक मिळवा, ३५ला चार, ४०ला सहा. पन्नासच्या पुढं दुरुस्ती करत बसू नका, सरळ गार करा. काचेच्या नळीवर कुठलं तापमान छापलंय तेही वाचा. आपल्या साखर कारखान्यांतले ब्रिक्स स्पिंडल, म्हणजे ब्रिक्स दाखवणारे हायड्रोमीटर, बरेचदा २७.५ अंशांवर बेतलेले असतात.

तापमापकाचंही तेच. उकळत्या पाण्यात तपासून बघा म्हणतात, पण संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून वर आहे. इथं पाणी शंभरला नाही, ९८च्या आसपास उकळतं. इथल्या उकळीत तापमापकानं शंभर दाखवलं तर तो बरोबर नाही, दोन अंश पुढं आहे.

दळण

माझं ठाम मत आहे की दहातल्या सात जणांचा गोडवा दळणात जातो.

परीक्षा फुकट आहे. काम झाल्यावर चोथा ताटात पसरा आणि दाणे मोजा. अख्खा, न फुटलेला दाणा दिसला की समजा त्याच्यातली साखर त्याच्याच पोटात गेली. भाच्याला फोटो पाठवायला लावला. मूठभर चोथ्यात निम्मे दाणे नुसते चेपलेले. दुकानातून दळून आलेला माल्ट होता आणि दुकानदाराची गिरणी मोठ्या यंत्रणेच्या हिशोबानं लावलेली. तिथं जाड भरड लागते, नाहीतर सालाचा थर बसून वर्ट निथळत नाही. पिशवीत गाळण्याचं काम कापड करतं, म्हणून इथं बारीक भरड चालते, चालते काय, हवीच. दुकानदाराला स्पष्ट सांगायचं, दोनदा काढून दे. स्वतःची रोलर गिरणी असेल तर फट पाऊण मिलिमीटरच्या आसपास.

आपल्याकडे रोलर गिरणी कोणाकडं असते? मी कोपऱ्यावरच्या चक्कीवर गेलो. चक्कीवाल्याला आधी जवाचं पीठ करायचं होतं, मग मी म्हटलं, लापशीचा रवा काढता तसं, पण जरा बारीक. दगड सैल सोडून त्यानं काढून दिलं. बऱ्यापैकी जमलं, फक्त आधीच्या गिऱ्हाईकाचं बेसन थोडं आलं. नंतर घरीच मिक्सरमध्ये मूठ-मूठ घालून, थांबत थांबत दोन झटके द्यायला लागलो. सलग फिरवलं तर पीठ होतं आणि भांडं तापतं. दाणा तीन-चार तुकड्यांत फुटावा, साल शक्यतो अख्खं राहावं, थोडं पीठ झालं तर झालं.

निव्वळ पीठ केलं तर दुसरी आफत. गरम पाण्यात एकदम ओतलं की गुठळ्या होतात, बाहेरून चिकट, आतून कोरड्या. ती गुठळी तासभर तशीच राहते आणि तिच्यातलं पीठ आकड्यात येत नाही. पिठल्यात बेसन पेरतो तसं एका हातानं पेरत, दुसऱ्या हातानं डाव फिरवत घाला. झाल्यावर तळापर्यंत हात घालून ढवळा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा, अर्ध्या तासानं पुन्हा. झाकण काढलं की तापमान पडेल म्हणून न ढवळणारे लोक आहेत. एखादा अंश पडू द्या. गुठळीपेक्षा ते परवडलं.

एक चूक अगदी मुळातली. नांदेडहून एका ओळखीच्यानं विचारलं की माझं तर काहीच गोड होत नाही, नुसती खळ होते. जव कुठून आणला? किराण्यातून. किराण्यातला जव हा माल्ट नव्हे. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, वाळवून, मंद भाजलेला जव. मोड येताना जी एन्झाइमं तयार होतात तीच साखर करतात. कच्च्या जवात ती कामापुरती नसतात. दाताखाली धरून बघा: माल्ट कुरकुरीत फुटतो आणि किंचित गोड लागतो, कच्चा जव दाताला दाद देत नाही.

तापमान

दळण नीट करून भाचा ७.५वरून ८.८वर आला. उरलेलं तापमानात होतं. त्याच्या पातेल्याखाली गॅस मंद चालू असायचा, "तापमान राखायला". तापमापक कडेला, वरच्या बाजूला. तो दाखवायचा ६६, आणि तळाशी पिशवीखाली असणार पंचाहत्तर-ऐंशी. साखर करणाऱ्या दोन मुख्य एन्झाइमांपैकी बीटा अमायलेज सत्तरच्या वर झपाट्यानं मरतं, अल्फा अमायलेज थोडं अधिक टिकतं, पण ऐंशीला तेही गेलं. एकदा मेलेलं एन्झाइम तापमान खाली आणल्यानं जिवंत होत नाही.

शिवाय तापमान थोडंच चढलं, सत्तर-बहात्तर राहिलं, तर आकडा बरोबर येऊनही यीस्टला न खाता येणारी लांब साखर जास्त होते आणि भाच्याच्या बिअरचं आंबणं मध्येच अडकतं. हा त्रास आकड्यात दिसत नाही, पंधरा दिवसांनी दिसतो.

गॅस बंद. पातेल्याला घोंगडी. मी आजीच्या वेळची काळी घोंगडी दोन फेर गुंडाळतो, वर जुनी गोधडी. मेमध्ये वीस लिटर पाणी तासाभरात एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतरत नाही. डिसेंबरात थोडं अधिक. छोट्या पातेल्यात, पाचसहा लिटरच्या प्रयोगात, फार लवकर उतरतं, तिथं अर्ध्या तासानं एकदा तापवावं लागेल. तापवताना पिशवी वर उचलून धरा किंवा तळाशी इडलीची ताटली पालथी घाला, म्हणजे कापड करपत नाही.

माल्ट घातल्यावर पाणी किती पडेल याचा अंदाज: वीस लिटर आणि तीन किलोला, आपल्याकडच्या तीस अंशांच्या माल्टासाठी पाणी ६८च्या जरा वर ठेवा, मिसळल्यावर ६६ मिळेल. मेलबर्नच्या थंडीत गॅरेजमधला दहा अंशांचा माल्ट असेल तर साडेएकोणसत्तर.

पाणी, म्हणजे मराठवाड्याचं खरं दुखणं

भाच्याला हा प्रश्न आला नाही. तिकडचं नळाचं पाणी मऊ. पण माझ्या स्वयंपाकघरात दळण आणि तापमान नीट असूनही पहिल्या खेपेला ८.९च आले.

आमच्या बोअरचं पाणी कसं, तर गीझरचं कॉइल दर वर्षी पांढऱ्या खडीसकट निघतं. बेसॉल्टच्या खडकातून आलेलं, बायकार्बोनेटनं भरलेलं. एन्झाइमांना वर्टाचा पीएच ५.२ ते ५.६ लागतो, गार नमुन्यावर मोजलेला. माल्ट स्वतः पाण्याला आंबटाकडं ओढतो, पण अल्कली पाणी त्याला ओढू देत नाही. पिशवीच्या पद्धतीत तर सगळं वीस लिटर पाणी सुरुवातीलाच तीन किलोवर येतं, म्हणजे पाण्याचा जोर आणखी जास्त. माझा पीएच निघाला ६.१. त्यानं साखर कमी होतेच, वर सालातला तुरटपणा उतरतो. पिशवी पिळल्यानं वर्ट तुरट होतो अशी समजूत आहे, ती चूक आहे. तुरटपणा येतो चढ्या पीएचनं आणि फार गरम पाण्यानं. हवी तेवढी पिळा.

उपाय तीन. आदल्या रात्री पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळून ठेवा, सकाळी तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं घ्या; बायकार्बोनेटचा बराच भाग खाली बसतो. दुसरा, आरओचं पाणी. उन्हाळ्यात वीस लिटरचा जार आपल्याकडं गल्लोगल्ली येतोच. अर्धा जार आणि अर्धं बोअर केलं तरी फरक पडतो. पूर्ण आरओ वापरलं तर त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, तेव्हा वीस लिटरला चारेक ग्रॅम खाण्याच्या दर्जाचं जिप्सम घाला. तिसरा, खाण्याच्या दर्जाचं लॅक्टिक ॲसिड. ८८ टक्के तीव्रतेचं एक मिलिलिटर साधारण ६०० मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याचा आंबटपणाला अडवायचा जोर) मारतं. पण गणितावर विसंबून एकदम ओतू नका, दोन-दोन मिलिलिटर घाला, ढवळा, पट्टीनं मोजा. कोणीतरी ताक घालायचं सुचवलं होतं. घालू नका.

टँकरच्या किंवा पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. त्याचा आकड्याशी संबंध नाही, पण पुढं औषधासारखा वास येतो. तेच पाणी आदल्या रात्री उकळलंत तर तोही प्रश्न मिटतो.

पाण्याची गोष्ट निघालीच आहे तर, २०१६च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं इथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती. त्या वर्षी मी हौसेसाठी वीस लिटर उकळायचं धाडस केलं नसतं. आजही वर्ट गार करायला नळीनं पाणी सोडून देत नाही. घंगाळात पाणी आणि बर्फ, त्यात पातेलं, आणि ते पाणी नंतर फरशीला.

तरीही शंका असेल तर आयोडीन

तासभर झाल्यावर पांढऱ्या बशीत चमचाभर स्वच्छ वर्ट घ्या, औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर पीठ अजून शिल्लक आहे, आणखी वीस मिनिटं ठेवा. पिवळट-तांबूसच राहिला तर झालं. दाण्याचा कण आला तर तो काळा पडणारच, त्यानं घाबरू नका. बशीतला नमुना फेकून द्या, पुन्हा पातेल्यात नाही.

ज्वारीचा प्रश्न हमखास येतो: आपली मालदांडी आहे, तिचाच माल्ट करून याच रीतीनं का नाही? कारण ज्वारीचा स्टार्च ६६ अंशांना नीट फुगतच नाही, त्याला सत्तरच्या पुढं लागतं, आणि ज्वारीच्या माल्टात बीटा अमायलेज कमी. वापरायचीच असेल तर पाऊण किलोपर्यंत ज्वारीची भरड आधी आंबिलीसारखी शिजवा, ६६वर येऊ द्या आणि मग जवाचा माल्ट घाला. त्याची एन्झाइमं दोघांचं काम करतात. घरी मोड आणत असाल तर वाळवून कोंब-मुळं पूर्ण चोळून काढा. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते ज्या विषारी घटकामुळे, तो मोडांतही असतो.

पिळण्याबद्दल शेवटी, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. आमच्याकडं झोपाळ्याच्या कडीला श्रीखंडाचा चक्का टांगतात, मी तिथंच पिशवी टांगली. बायको दारात उभी राहून म्हणाली, "काय करायलात हे? कडी पडली तर?" पडली नाही. वीस मिनिटं टांगून, वरून ताटलीनं दाबून तीन किलोच्या चोथ्यात दोन-अडीच लिटरच वर्ट अडकून राहतो. न पिळता नुसती उचलून ठेवली तर आणखी लिटरभर जातो. एवढाच काय तो पिशवीचा दोष. रबरी हातमोजे घाला, सत्तर अंशांचा वर्ट हातावर आला तर कातडी सोलते.

चोथा त्याच दिवशी गोठ्यात पोहोचवा. उन्हात संध्याकाळपर्यंत आंबतो. आमच्या मागच्या गल्लीतल्या म्हशीला तो इतका आवडला की आता तिचा मालक दर शनिवारी विचारतो, "काका, या आठवड्याला काय?"

भाच्याचा परवाचा फोन: पिशवी उचलण्यापूर्वी ९.७, उकळीनंतर १.०४३. तीन अंक कमी कसे, म्हणून विचारत होता. पातेल्यात लिटर किती राहिलेत ते मोजायला सांगितलं. सतरा निघाले. त्याच्या शेगडीवर तासाभरात तीन लिटर उडत नाहीत, दोनच उडतात. पुढच्या वेळी एकोणीस लिटरनं सुरुवात करतो म्हणाला.